नऊ नंबरच्या खोलीतले बावीस अंश

३ नोव्हेंबर

आजपासून लिहून ठेवतोय, कारण मूर्खांची स्मरणशक्ती फार सोयीची असते. काम फत्ते झालं की ज्यानं नुसता पाना उचलून दिला तोही छाती काढून म्हणेल, "आम्ही केलं." तेव्हा ही वही उपयोगी पडेल.

तर वस्तुस्थिती. वृद्धाश्रमाच्या मागच्या आवारात मी बारा भोकं पाडून घेतली आहेत, प्रत्येक नव्वद मीटर खोल. प्रत्येकात प्लॅस्टिकचा पाइप तळापर्यंत जातो आणि वळून वर येतो. त्यातून पाणी फिरतं, जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन वर येतं आणि तळघरातलं यंत्र ती ऊब वाढवून तीस खोल्यांना वाटतं. धूर नाही, राख नाही. जुना कोळशाचा बॉयलर मी उन्हाळ्यातच भंगारात काढला. लोक म्हणाले, एक हिवाळा राहू द्या. लोकांचं ऐकलं असतं तर माणूस अजून गुहेतच बसला असता.

गणित माझं आहे आणि बिनचूक आहे. फक्त पाणी ते मानत नाही. वर येताना ते नऊ अंशांवर असायला हवं, असतं सहावर. खोल्या सोळा-सतराच्या पुढे सरकत नाहीत.

व्यवस्थापकबाईंनी आज बोलावलं. या बाईंचा चेहरा कायम दूध उतू जाईल की काय असा. म्हणाल्या, "साहेब, पंधरा डिसेंबरपर्यंत खोल्या वीस अंशांवर आल्या नाहीत तर हिवाळ्यापुरता आश्रम बंद. सगळ्यांना चार तासांवरच्या आश्रमात हलवणार. तिथे एकेका हॉलमध्ये बारा खाटा आहेत, पण बॉयलर आहे."

"तोवर विजेचे हीटर लावा की."

"तीस हीटर लावले तर वायरिंग जळेल. हे तुम्हीच मला लेखी दिलंय."

दिलंय खरं. लोक नको ते कागद बरोबर जपून ठेवतात.

५ नोव्हेंबर

मला आश्रमाची काळजी नाही. तीस म्हाताऱ्यांपैकी एकोणतीस कुठेही पाठवा, मला फरक पडत नाही. पण नऊ नंबरच्या खोलीत माझी ताई राहते. मी सात वर्षांचा असताना आई गेली. ताई तेव्हा एकवीस वर्षांची. तिनं मला वाढवलं, शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं काही केलंच नाही. आता त्र्याहत्तरची आहे. गेल्या हिवाळ्यात तिची छाती इतकी भरली होती की डॉक्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला होता. डॉक्टर हळू बोलायला लागला की समजावं.

तिला आमच्याकडे आणायचं म्हटलं तर तीन जिने चढायचे. तिच्यानं होत नाही. आणि तिला इथेच राहायचंय. खिडकीतून माझ्या भोकांची बारा झाकणं दिसतात, शेजारी आठ नंबरमधली बहिरी मैत्रीण आहे, दोघी मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. एक ओरडते, दुसरी भलतंच लिहिते. "बारा खाटांच्या हॉलमध्ये मी जायची नाही," असं तिनं मला सांगून टाकलंय. "तिथे नेलंस तर आठ दिवसांत माझा फोटो भिंतीवर लावशील."

न्यायची वेळ येणारच नाही. मी आहे ना.

६ नोव्हेंबर

आज घूस येऊन गेला. घूस म्हणजे ज्यानं भोकं पाडली तो बोअरवाला. वय साठीच्या पुढे, शिक्षण आठवीच्या अलीकडे, नखांत कायम माती. जमीन पोखरण्यापलीकडे आयुष्यात काही केलेलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं हे बारसं करून टाकलंय.

आला, झाकणं उघडली आणि प्रत्येक पाइपावर तळहात ठेवून उभा राहिला. डोळे मिटून! जणू नाडी बघतोय. मग म्हणाला, "साहेब, एक, दोन, तीन हाताला बरे लागतात. बाकीचे नऊ झोंबतात."

"तुमच्या हातावर अंश कोरलेत का?"

"नाही साहेब. पण ते तीन मी खालून भरले होते."

झालं, पुन्हा तेच दळण. जूनमधली गोष्ट आहे. पाइप आणि भोकाची भिंत यांच्या मधली जागा ओल्या लगद्यानं भरायची असते, म्हणजे मातीची ऊब पाइपाला पोचते. हा माणूस एक बारीक पाइप पार तळाला सोडायचा, त्यातून लगदा ढकलायचा आणि पाइप वीत-वीत वर ओढत यायचा. एका भोकाला दोन दिवस! तीन भोकं झाल्यावर मी म्हटलं, बस झाले लाड, उरलेल्या नऊंत वरून ओता. भरायचं म्हणजे भरायचं, खालून काय आणि वरून काय? तो म्हणाला, "वरून ओतलं की मधे अडकतं साहेब, खाली हवा राहते." मी म्हटलं, पृथ्वीवर सगळं वरूनच खाली पडतं, तुमच्या गावात उलटं असेल. मजूर हसले होते. नऊच्या नऊ भोकं चार दिवसांत भरून झाली आणि लगदाही बराच कमी लागला. याला नियोजन म्हणतात.

तीन भोकं चांगली असतील तर त्या बाजूची जमीन ओली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण घुशीला कोण समजावणार!

८ नोव्हेंबर

नऊ नंबरची खोली: बावीस अंश!

चार वाजता ताईकडे गेलो, मी रोज चारलाच जातो. दारातच म्हणाली, "ये शहाण्या." मला ती लहानपणापासून शहाण्याच म्हणते. मी भिंतीकडे पाहिलं तर थर्मामीटर खिळ्यावर नव्हतं. म्हणाली, "खिळा हलायला लागलाय, पडून फुटलं असतं." आणि पांघरुणातून काढून माझ्या हातात ठेवलं. "घे, तुझं बाळ. बघ किती वाढलंय."

बावीस. बाकीच्या खोल्या सोळा. म्हणजे यंत्रणेत दोष नाही. बाकीचे लोक खिडक्या उघड्या ठेवत असतील, दुसरं काय!

ताईचे हात मात्र गार होते. म्हातारपणी रक्त पातळ होतं.

बोलता बोलता तिनं विचारलं, "तुझा कप आहे का रे अजून?" आहे म्हटलं, टेबलावर, पेनं ठेवतो त्यात. दहा वर्षांचा असताना शाळेच्या प्रदर्शनात मी तेलाच्या डब्याला काळा रंग फासून, वर काच लावून उन्हावर पाणी तापवायचं यंत्र केलं होतं. परीक्षकानं त्या पाण्यात बोट घातलं आणि चटकन बाहेर काढलं. आणि तेही ढगाळ दिवशी! पहिलं बक्षीस, हा कप. इतरांनी काय आणलं होतं, तर पानांच्या वह्या आणि शंखशिंपले. त्याच दिवशी मला कळलं की माझं डोकं इतरांसारखं नाही.

ताईला ती गोष्ट फार आवडते. आजही ऐकताना खिडकीबाहेर बघत हसत होती.

१२ नोव्हेंबर

दोष सापडला. दोष पाण्याच्या आळशीपणात आहे.

पाइपातलं पाणी सरळ रेषेत, संथ वाहतं. कडेचं पाणी ऊब घेतं आणि मधलं पाणी कशाला हात न लावता पाहुण्यासारखं येतं आणि जातं. त्याला घुसळायला हवं. उपाय असा की पाइपात आरपार एक पिळाची पट्टी सोडायची. प्लॅस्टिकची, जिलबीसारखी नव्हे, स्क्रूसारखी पिळलेली. पाणी गिरक्या घेत जाईल, मधलं कडेला येईल, कडेचं मधे जाईल. टोकाला शिशाचं वजन लावलं की पट्टी आपोआप तळापर्यंत उतरते.

बायकोला जेवताना सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, "आणि पाइपाच्या बाहेरूनच ऊब येत नसेल तर?" मी म्हटलं, तू वाढ. 

१५ नोव्हेंबर

दोन नंबरच्या भोकात पट्टी सोडली. नव्वद मीटरची पट्टी आवारात पसरली तेव्हा सगळा आश्रम खिडक्यांना नाक लावून बघत होता. आठ नंबरवाली ओरडून विचारत होती, "कपडे वाळत घालायला का हो?"

दोन तासांनी मोजलं. दोन नंबरचं पाणी नऊ अंश. पट्टी नसलेल्या सात नंबरचं सहा. तीन अंशांचा फरक! एका पट्टीनं!

घूस तिथेच उभा होता. म्हणाला, "साहेब, दोन नंबर पट्टीच्या आधीपण तेवढंच देत होता."

"मोजलं होतं?"

"हात लावला होता."

मी हसलो. मग म्हणाला, "पट्टी सातमध्ये घालून बघा ना एकदा." अक्कल शिकवतोय! प्रयोग कुठल्या भोकात करायचा हे आता घूस ठरवणार. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

१९ नोव्हेंबर

विश्वस्तांची बैठक. तीन विश्वस्त. एक झोपतो, एक बिस्किटं मोजून खातो आणि तिसरा "म्हणजे नेमकं काय?" एवढंच विचारतो. मी दोन आणि सातचे आकडे मांडले. शिवाय नऊ नंबरच्या खोलीचे रोजचे अंश वाचून दाखवले. बावीस, बावीस, साडेबावीस, बावीस.

व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "त्या खोलीत मला तरी एवढं उबदार वाटलं नाही." मी म्हटलं, तुम्हाला वाटणं आणि थर्मामीटरचं सांगणं यात कुणावर विश्वास ठेवायचा ते विश्वस्तांनी ठरवावं. बिस्किटवाले गालात हसले.

घुशीलाही बोलावलं होतं. टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "बारीक पाइप बाजूनं परत तळाला घालता येईल. पाण्याच्या दाबानं वाट करत न्यायचा आणि खालून भरत यायचं. दहा-बारा दिवस लागतील. आत्ता सुरू केलं तर थंडीच्या आत होईल."

मी विचारलं, "जमिनीत हवा अडकलीय हे तुम्ही कुठल्या डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहिलं नाही साहेब. नऊ भोकांनी लगदा कमी खाल्ला. तीन भोकांना नऊ-नऊ पिंपं लागली, बाकीच्यांना सहा-सहा. भोकं तर सारखीच आहेत."

"म्हणजे नेमकं काय?" तिसऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, म्हणजे बचत. सगळे हसले. झोपलेलेसुद्धा जागे झाले. पट्ट्यांना मंजुरी मिळाली. घूस टोपी घालून निघून गेला. दारात बाईंना म्हणाला, "लागलो तर सांगा." त्याला कोण सांगणार आहे!

२१ नोव्हेंबर

घरातली निळी दुलई सापडत नाही. बायको म्हणते धुवायला दिलीय. आठ दिवस धुताहेत? 

३० नोव्हेंबर

बारा भोकांत मिळून चोवीस पट्ट्या, जाणारा पाइप एक, येणारा एक. मजूर म्हणजे अकलेचे कांदे. एकानं शिशाचं वजन वरच्या टोकाला बांधलं. दहा दिवस मी स्वतः उभा राहून काम करून घेतलं.

पाणी: साडेसहा. अजून बसायचंय. नवी यंत्रणा स्थिरावायला वेळ घेते.

पंपाचा आवाज जड येतोय. पट्ट्यांमुळे त्याला जोर लावावा लागतो. लावू दे. फुकट खातो का?

नऊ नंबर: बावीस. ताई खोकत होती. म्हटलं डॉक्टरला बोलावू का, तर म्हणाली, "आठ नंबरवालीशी ओरडून ओरडून घसा बसलाय." खोलीत दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बसते. मी म्हटलं, बावीस अंशांत कानटोपी? म्हणाली, "फॅशन आहे, तुला नाही कळायची." 

४ डिसेंबर

थंडीची लाट. आवारातली झाकणं पांढरी पडली आहेत. खोल्या चौदा. पाणी साडेपाच. आकडे उतरताहेत आणि प्रत्येक जण माझ्याकडे असा बघतो जणू हिवाळा मी मागवलाय.

नऊ नंबर मात्र एकवीस! तीच माझी साक्षीदार आहे. आज मी हे घरी सांगत होतो, तर बायको भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, "तुम्ही एकदा सकाळी का जात नाही ताईंकडे?"

"सकाळी मला कामं असतात."

"म्हणून तर म्हणते."

"म्हणजे काय?"

"काही नाही. मी शब्द दिलाय." आणि नळ मोठा सोडला. बायकांना सरळ बोलायचं नसतं. सकाळी काय आणि दुपारी काय, जमीन दिवसातून दोनदा गरम-थंड होत नाही.

७ डिसेंबर

सकाळी साडेआठला फोन. पंप बंद पडला. ओढून ओढून तापला आणि पडला. मी तळघरात जाऊन तो कसाबसा चालू केला. वर आलो तर नऊ नंबरचं दार अर्धवट उघडं होतं.

खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. ताई पलंगावर, अंगावर दोन दुलया. त्यातली एक आमची निळी. हातात लोकरीचे मोजे. थर्मामीटर टेबलावर उघडं पडलेलं. बारा.

माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं डोळे न उघडताच हात लांब केला. "चार वाजले? अगंबाई, लागला वाटतं डोळा. थांब रे शहाण्या, आत येऊ नकोस, मिनिटभर बाहेर थांब..." आणि चाचपडत थर्मामीटर उचललं, दुलईत ओढलं, गरम पाण्याच्या पिशवीवर दाबायला लागली. पिशवी गार होती, मी नंतर हात लावून पाहिली. मग तिनं ते काखेत धरलं आणि दात वाजत असताना म्हणाली, "आत्ता होईल बावीस. आत्ता होईल."

तिला एकशे तीन ताप होता.

अॅम्ब्युलन्समध्ये मी थर्मामीटर हातात घेऊन बसलो होतो. कुणी ते माझ्या हातून घेतलं ते आठवत नाही.

८ डिसेंबर

छातीत पाणी. डॉक्टर हळू आवाजात बोलतो आहे.

बायको म्हणाली, ताईंनी तिला शपथ घातली होती. रोज साडेतीनला पाणी उकळायच्या, पिशवी भरायच्या, थर्मामीटर त्यावर ठेवायच्या. चारला मी. म्हणजे बाईंना संशय होता, बायकोला ठाऊक, आठ नंबरच्या बहिरीलाही ठाऊक. आख्ख्या आश्रमात हे मला एकट्यालाच माहीत नव्हतं, आणि मी त्या आकड्यांवर विश्वस्तांना हसवत होतो.

मी ताईवर ओरडलो. आजारी माणसावर, हॉस्पिटलात. "तू मला खोटे आकडे दिलेस! त्या आकड्यांवर मी सगळं उभं केलं! जीव गेला असता तुझा!" नर्सनं बाहेर काढायची धमकी दिली.

ताईनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. म्हणाली, "तुझं पडलेलं तोंड मला बघवत नाही रे. पहिल्यापासूनच. वाईट सवय आहे माझी."

"पहिल्यापासून म्हणजे?"

तिनं पांघरूण सारखं केलं. मग, "त्या दिवशी ढग होते."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. तापात बरळतेय असं वाटलं.

"सकाळपासून ढग होते. तुझ्या डब्यातलं पाणी गारठून गेलं होतं. तू रडवेला होऊन मास्तरांना शोधायला गेलास. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून किटलीभर उकळतं आणलं आणि ओतलं. आई जाऊन तीनच वर्षं झाली होती. मला वाटलं, एवढं तरी मिळू दे पोराला."

मी उठून बाहेर आलो.

९ डिसेंबर

ती किटली. मला आठवते. तिच्या हातात किटली होती. मी विचारलं होतं, ही कशाला? तर म्हणाली होती, चहा.

१० डिसेंबर

बायकोनं कप टेबलावरून उचलून कपाटात ठेवला होता. मी परत टेबलावर ठेवला. बघत बसलो. एकोणपन्नास वर्षं मी या पत्र्याच्या जोरावर लोकांना मूर्ख म्हणत आलो. वर्गात, कॉलेजात, नोकरीत. मी कुणाचं ऐकलं नाही, कारण दहाव्या वर्षी ढगाळ दिवशी मी पाणी तापवलं होतं.

मूर्खांची यादी करायला बसलो असतो तर आज पहिल्या नंबरावर कोण बसला असता ते लिहायची गरज नाही.

घुशीकडे गेलो. शहराच्या टोकाला त्याचं अंगण आहे, लोखंडी नळ्या रचून ठेवलेल्या. तो तेल लावत बसला होता. मी आल्या आल्या काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, तिथे गेल्यावर तोंडातून निघालं, "ते खालून वर भरायचं... अजून होईल का?"

वाटलं होतं, हा आता सूड उगवणार. मी असतो तर नक्की उगवला असता, वर मजुरांना बोलावून हसवलं असतं. पण तो उठला, कोपऱ्यात गेला, ताडपत्री ओढली. खाली तो बारीक पाइप गुंडाळून ठेवलेला, साफ, दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबलेला.

"काढून ठेवलाय साहेब. जूनपासून."

"कशासाठी?"

"थंडी येणारच होती." मग विचारलं, "खिडकीतल्या ताई कशा आहेत? मी भोकं पाडत होतो तेव्हा मला चहा पाठवायच्या. साहेबांचा राग मानू नका म्हणायच्या."

मला वाटतं मी तिथे बसलो. बसायला नळ्याच होत्या.

१२ डिसेंबर

व्यवस्थापकबाईंच्या ऑफिसात उभा राहून, तिन्ही विश्वस्तांसमोर. "लगदा वरून ओतायला मी सांगितलं. बोअरवाल्यांनी नको म्हटलं होतं. नऊ भोकांत हवा आहे. पट्ट्यांनी पंप बसला. नऊ नंबरचे आकडे खोटे होते, आणि ते खरे आहेत का हे मी एकदाही थर्मामीटर भिंतीवर टांगून पाहिलं नाही."

तिसऱ्यानं विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे चूक माझी."

बिस्किटवाल्यांनी बिस्किट खाली ठेवलं. आयुष्यात इतकं लहान वाक्य मी म्हटलं नव्हतं आणि त्याला इतका वेळ लागला नव्हता. बाईंनी मुदत वाढवून दिली, आणखी दहा दिवस. सात अशक्त माणसांना दूरच्या आश्रमात पाठवावंच लागलं. त्यांची गाडी निघाली तेव्हा मी तळघरात जाऊन बसलो नाही, फाटकापाशी उभा राहिलो. एका आजोबांनी गाडीतून मला हात केला. त्यांना काहीच माहीत नसावं.

१६ डिसेंबर

चार भोकं झाली. घूस (हे नाव आता लिहायला नको, पण सवय) बारीक पाइप खाली सोडतो, पाण्याच्या दाबानं वाट करतो. मधे एका जागी पाइप एकदम सैल होऊन खाली जातो. "इथे पोकळ," म्हणतो. सात नंबरमध्ये तेहतीस मीटर पोकळी होती. तेहतीस मीटर हवा! पाइपाभोवती दुलई गुंडाळावी तशी, आणि मी आत पाण्याला गिरक्या शिकवत होतो.

लगदा मी ढकलतोय. पाइप तो ओढतो. वीत-वीत. मी एकदा घाई केली तर माझ्या मनगटावर फटका मारला. मारला! मग स्वतःच घाबरला. मी म्हटलं, असू दे.

पट्ट्या काढून घेतल्या. आठ नंबरवालीनं एक मागून घेतली आणि खरंच तिच्यावर कपडे वाळत घातले. पट्टीचं तत्त्व मात्र बरोबर आहे, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

१८ डिसेंबर

ताईचा ताप उतरला. डॉक्टर मोठ्या आवाजात बोलला. तिला विचारलं, "कुठे जायचं?" म्हणाली, "जिथे जायचं ते तुला माहीत आहे. खोली किती आहे?"

बावीस म्हणावंसं वाटलं. जीभ अगदी टोकापर्यंत आली.

"पंधरा," मी म्हटलं.

"मग थांबते दोन दिवस," म्हणाली आणि कुशीवर वळली.

२३ डिसेंबर

बाराही भोकं खालून वर भरलेली. वर येणारं पाणी: आठ पूर्णांक आठ. खोल्या वीस. बाईंनी आकडे स्वतः घेतले, माझ्या कागदावर विश्वास न ठेवता. बरोबर केलं. सात जण परवा परत येतील.

घुशीनं शेवटी प्रत्येक पाइपावर तळहात ठेवला. मग माझा हात धरून सातवर ठेवला. म्हणाला, "बघा." मला काहीच कळलं नाही. मी म्हटलं, हो.

दुपारी ताईला आणलं. मी भिंतीत नवा खिळा ठोकला आणि थर्मामीटर टांगलं, पलंगापासून लांब, तिचा हात पोचणार नाही असं. ती बघत होती. "विश्वास नाही ना माझ्यावर?" म्हणाली. मी म्हटलं, काडीचाही नाही.

खिशातून कप काढून तिच्या पुढे धरला. "घे. तुझा आहे."

तिनं तो उलटसुलट करून पाहिला, त्यावरचं माझं नाव वाचलं, आणि तोंडातली कवळी काढून त्यात ठेवली. मग बोळक्या तोंडानं हसत भिंतीकडे बोट केलं. किती?

मी खुर्चीवरून उठलो, भिंतीपर्यंत चालत गेलो आणि नाक लावून वाचलं.

नऊ नंबरची खोली कोपऱ्यातली आहे, दोन भिंती बाहेरच्या. एकोणीस. कुणी काही ओतलेलं नाही.